येताना रस्ता, जाताना पायवाट

लोकांना हल्ली वाटतं, इंटरनेट हवेतूनच येतं. आमच्या वेळी ते तांब्याच्या तारेतून यायचं. एक्स्चेंजमधून निघून जमिनीखालून, गटाराच्या कडेनं, मग खांबावर चढून, आंब्याच्या फांदीला घासत, कौलांवरून उतरून खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून घरात शिरायचं. मावळातल्या पावसात एवढी वाट चालून ते पोचतं याचंच मला नवल वाटायचं, आणि ते हळू पोचतं याचा गिऱ्हाइकाला राग यायचा. दोघांचंही खरं होतं.

मी कामशेतच्या टेलिफोन एक्स्चेंजकडे ठेकेदाराचा माणूस. गाव देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाच्या शिवेला लागून. आठवीत असताना वडील अंथरुणाला खिळले आणि माझी शाळा सुटली. चुलतभाऊ केबलचे चर खणायला इकडं आला होता, त्याच्यामागं मी आलो. चर बुजले, चुलतभाऊ परत गेला, मी राहिलो. आता तीच केबल उपसायचं काम चाललंय. तांबं जातंय, काचेची तार येतेय. ज्या चरात मी ती पुरली त्यातूनच ती बाहेर निघताना बघितली तेव्हा वाटलं, हिच्याबद्दल कुणीतरी चार ओळी लिहायला हव्यात. लिहिणारा शिकलेला असता तर बरं झालं असतं, पण शिकलेले सगळे काचेच्या तारेच्या मागं आहेत.

माझ्या स्वभावाचं आधीच सांगून टाकतो. मी भित्रा. काम उरकून सायकलवर निघालो की अर्ध्या वाटेत मनात येतं, खांबावरच्या पेटीचं झाकण लावलं का? स्क्रू आवळला का? मग परत फिरायचं. झाकण लावलेलंच असतं. बबनभाऊ यावर हसायचे. बबनभाऊ खात्याचे कायम लाइनमन, औंढ्याचे, घरी भातशेती. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. मी आलो तेव्हा माझी झोपायची सोय नव्हती. त्यांनी ओसरी दिली, आणि वहिनींनी मला कधी पाहुण्यासारखं वाढलं नाही, घरच्यासारखं ओरडून वाढलं. त्याचं ऋण मी इथं लिहून फिटणार नाही. “आरं दिगंबर,” भाऊ म्हणायचे, “तू माघारी जाऊन बगतोस त्ये बरंच हाय. न बगनारी लय हायेत आपल्यात.”

भाऊ तार कानानं तपासायचे. खांबावर चढायचं, टेस्ट फोन तारेला लावायचा, कानाशी धरायचा. खरखर ऐकून ते सांगत की पाणी कुठल्या जॉइंटमध्ये शिरलंय. मलाही हळूहळू जमायला लागलं, आणि जमलं तोवर इंटरनेट आलं. ते कानाला ऐकू येत नाही.

आता ते तारेतून जातं कसं, तेवढं सांगतो. प्रत्येक घराला दोन बारीक तारा जातात, एकमेकींना पीळ घातलेल्या. आम्ही त्याला जोडी म्हणतो. माणसाच्या बोलण्याला त्या जोडीतला अगदी तळमजला पुरतो. वरचे मजले रिकामे. त्या रिकाम्या मजल्यांवर इंटरनेट चालवायचं, ही सगळी युक्ती. पण चालवायचं कसं, यावर जगात सुरुवातीला दोन तट होते, असं आमच्या बोरकर मॅडमनी एकदा सांगितलं. मॅडम एक्स्चेंजच्या ज्युनिअर इंजिनिअर. लाइट गेली होती, जनरेटर चालू होत नव्हता आणि त्यांना बोलायला मीच होतो. एक तट म्हणे, सगळा माल एकाच मोठ्या गाडीत भरून न्या. दुसरा म्हणे, रस्त्याच्या शेकडो बारीक लेन पाडा, प्रत्येक लेन कितीचं ओझं झेपवते ते आधी तपासा, खराब असेल तिला कमी द्या, चांगलीला जास्त द्या. बरीच वर्षं भांडले आणि दुसरा तट जिंकला. मला फार आवडलं ते. झेपेल तेवढंच ओझं, आणि ते सुद्धा विचारून. आमच्या शाळेत हा तट पोचला नव्हता.

भांडण तिथं मिटलं नाही. जिंकलेल्या तऱ्हेच्याही पुढं पोटजाती झाल्या. एकदा लोणावळ्याच्या बाजूची माणसं कमी होती म्हणून मला तुंगार्लीच्या एका बंगल्यावर पाठवलं. मुंबईचे शेठ, सुट्टीला येणारे. मुलानं जर्मनीहून मॉडेम पाठवलेला. काळाभोर, गुळगुळीत, हातात घ्यायला भीती वाटावी असा. लावला. दिवा लुकलुकायचा, स्थिर व्हायचा नाही.

“तुमची लाइन खराब आहे,” शेठ म्हणाले.

“असेल साहेब, बघतो,” मी म्हटलं, कारण लाइन खराब असणं हे मला केव्हाही पटायचं.

दुपार गेली. सगळे जॉइंट उघडले, परत बांधले. शेवटी घाबरत बोरकर मॅडमना फोन केला. त्यांनी मॉडेमच्या बुडाशी काय लिहिलंय ते वाचायला लावलं आणि म्हणाल्या, “दिगंबर, तो ‘बी’ जातीचा आहे. तिकडं तळमजल्यावर त्यांचे वेगळे फोन असतात, म्हणून तिकडचा मॉडेम दुसऱ्या मजल्यापासून बोलायला लागतो. आपलं मशीन पहिल्या मजल्यावर हाका मारतंय. दोघं एकमेकांना भेटणारच नाहीत.” मी शेठना ते जमेल तसं सांगितलं. त्यांनी मॉडेम उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, “चांगला आहे ना पण?” मी म्हटलं, चांगलाच आहे साहेब. त्यांनी तो शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवला आणि मला चहा दिला.

आता ज्या घरासाठी हे लिहायला बसलो तिकडं वळतो.

एका साली गणपती झाल्यावर कान्ह्याहून एक तक्रार आली: इंटरनेट चालू आहे, पण व्हिडिओ अडकतो. आमच्याकडं पद्धत अशी की माणूस पाठवायच्या आधी तक्रार विभागातून गिऱ्हाइकाच्या त्याच नंबरवर फोन करायचा. उचलला नाही तर परत करायचा. नाहीच उचलला तर ‘ग्राहक प्रतिसाद देत नाही’ म्हणून तक्रार बंद. ही तक्रार बंद झाली. पुन्हा आली. पुन्हा बंद झाली. मी स्वतः एक्स्चेंजमधून फोन लावून बघितला. रिंग जातेय, उचलत कुणी नाही.

“बंद जालेली तक्रार उगडू नगंस,” भाऊ म्हणाले.

पण तिसऱ्यांदा आल्यावर माझा जीव राहिना. एका रविवारी सकाळी सायकल काढली.

घर कान्हे गावाच्या कामशेतकडच्या टोकाला. समोरच्याच खांबावर पेटी. वर चढलो, टेस्ट फोन लावला, त्याच नंबरला रिंग दिली. घरात घंटी वाजतेय ती मला खांबावर ऐकू येत होती. आणि दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसलेली. घंटी वाजतेय, म्हातारी खडे काढतेय.

“आजी, फोन वाजतोय तुमचा.”

“वाजू दे की.”

“अहो, उचला ना.”

“माजा न्हाई त्यो. सुनंचा हाय.”

“मग सूनबाईंना उचलायला सांगा.”

“तिला ऐकू येत न्हाई. बोलता बी येत न्हाई.”

मी टेस्ट फोन कानावरून काढला. “मग तुम्ही उचला की, आजी.”

“तिच्या नावाचा फोन मी कशापाई उचलू? तिला कोन काय सांगत आसंल. मदी माजं काय काम?”

फोन खरंच सुनेच्या नावावर होता; अपंगांच्या सवलतीत घेतलेला. आणि अनसूयाबाई, म्हणजे या आजी, घंटी ऐकत आणि दुसऱ्याच्या बोलण्यात नाक खुपसायचं नाही म्हणून हात लावत नसत. तक्रार विभागाची माणसं शहाणी होती, आजी सभ्य होत्या, आणि त्या दोहोंच्या मध्ये तक्रार दोनदा मेली होती.

खाली उतरलो. आत शिलाई मशीनवर सुनंदाबाई बसलेल्या. गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी त्या शिवायच्या. मला बघून त्यांनी सासूला हातानं काहीतरी विचारलं, आजीनं हातानं काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या. पुढं तिथं माझ्या बऱ्याच खेपा झाल्या, तेव्हा कळलं की या घरात प्रत्येक माणसाला हाताची एक खूण असते आणि ती सुनंदाबाई पाडतात. माझी खूण अशी: दोन बोटं चालत लांब जातात, थबकतात, आणि गर्रकन परत फिरतात. दोन खेपांत ओळखलं होतं बाईनं.

सुनंदाबाईंचे मालक चाकणला कंपनीत. तिथूनच ते ऑनलाइन तक्रार टाकायचे. एकच मुलगी, रेणू, आठ वर्षांची. तिलाही ऐकू येत नव्हतं. जूनमध्ये तिला मिरजेकडच्या मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत घातलेलं. सुनंदाबाई स्वतः शाळेत गेल्याच नव्हत्या. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र नाही, मोबाइलवर चार शब्द पाठवणं नाही. आजी, सून आणि नात यांच्यातली हातांची बोली या घरातच घडलेली; ती आणखी कुणाला येत नव्हती. शाळेत शिकवायचे ती हातांची भाषा वेगळी. म्हणजे पोरगी आठवडाभर परक्या भाषेत राहायची आणि रविवारी वसतिगृहाच्या कॉम्प्युटरसमोर तिची पाळी आली की तेवढा वेळ स्वतःच्या. त्यासाठी घरी जुना कॉम्प्युटर आणि कॅमेरा आणला होता. त्यासाठी फोन होता.

त्या रविवारी मी तिथं असताना तिची पाळी आली.

पडद्यावर रेणू स्वच्छ दिसली. दोन वेण्या, रिबिनी, मागं दुसऱ्या पोरींची रांग. सुनंदाबाईंचे हात लागले बोलायला. मी असं बोलणं आधी पाहिलं नव्हतं. मशीनवर धावणारा धागा असतो तसे ते हात. रेणूही बोलायला लागली. मग तिचे हात मध्येच हवेत राहिले. ती थांबून बघायला लागली. सुनंदाबाई बोलतच होत्या. रेणू पुढं झाली आणि तिनं पडद्यावर थाप मारली, झोपलेल्या माणसाला उठवतो तशी. पुन्हा मारली. मग तिचं तोंड वाकडं झालं.

“काय झालं?” मी आजीला विचारलं.

“हिकडून हिला पोर दिसती. तिकडं पोरीला ही दिसत न्हाई, आडकती. हात वर धरल्याला फोटो व्हतो हिचा.” आजीनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. “आमच्यात हात थांबवलं म्हंजी रुसवा. आबोला. पोरगीला वाटतं आय आबोला धरती. धाडून दिलं, वर बोलत बी न्हाई.”

मग आजीनं बाकीचं सांगितलं. रविवारी फोन झाला की रेणू जेवत नाही. सोमवारी वर्गात बसत नाही. वसतिगृहाच्या बाईंचा मालकांना निरोप आला होता: दिवाळीपर्यंत बघू, नाही रुळली तर घेऊन जा, पोरीचे हाल करण्यात अर्थ नाही. “आनि हितं आनून काय करायचं?” आजी म्हणाल्या. “हितल्या शाळंत मागच्या बाकावर बसवत्यात. हिच्यासारखं शिवत बसंल जलमभर.”

सुनंदाबाईंना ऐकू येत नव्हतं, पण आजी काय बोलतेय ते कळत होतं. त्या मान खाली घालून मशीनच्या चाकाला तेल घालत होत्या, ज्याची गरज नव्हती.

सुटलेली शाळा परत लागत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी माझं मीटर लावलं. येणाऱ्या बाजूचा आकडा चांगला. जाणाऱ्या बाजूचा मरतुकडा. आणि इथं मला पहिल्यांदा आमच्या मशीनच्या नावातलं पहिलं अक्षर नीट कळलं. एडीएसएलमधला ‘ए’ म्हणजे विषम. येताना मोठा रस्ता, जाताना पायवाट. ज्यांनी ते बनवलं त्यांनी हिशेब केला होता की घरातला माणूस फक्त घेणार; बघणार, वाचणार, उतरवून घेणार. त्याच्या घरातून बाहेर पाठवण्यासारखं फारसं काही नसणार. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही होतं. सुनंदाबाईंचं सगळं पाठवायचंच होतं.

भाऊंना सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन निघाले. कामशेत ते कान्हे असा जोडीचा सगळा माग आम्ही काढला. ओले जॉइंट कापून नवे केले. वाटेत एका बंद पडलेल्या पोल्ट्रीकडं जोडीची एक जुनी फांदी गेलेली होती, फोन केव्हाच काढलेला आणि तार तशीच लोंबत. बोलण्याला अशा फांदीनं काही होत नाही. इंटरनेट मात्र तिच्यात शिरतं, टोकाला आपटतं आणि परत येऊन गोंधळ घालतं. भाऊंच्या ती ध्यानात होती. “कोंबड्या गेल्या, तार ऱ्हायली,” म्हणत त्यांनी ती तोडली. आकडा सुधारला. रविवारी रेणूला आई तुटक तुटक का होईना हलताना दिसली, पण हाताची बोली तुटक कळत नाही. शब्द अर्धा ऐकून अंदाज बांधता येतो, अर्ध्या हाताचा बांधता येत नाही.

त्याच सुमारास एक्स्चेंजला नवं मशीन आलं होतं, व्हीडीएसएल. ऑफिसात त्याचं कौतुक चाललेलं. पुढं आणि मागं, दोन्हीकडं वेग जास्त. मला वाटलं, सुटलं कोडं. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “लावून बघू. पण आशा ठेवू नकोस.” एका बुधवारी त्यांनी आत जोडी बदलली, मी कान्ह्याला नवा मॉडेम घेऊन बसलो. दिवा लुकलुकत राहिला. सुनंदाबाई आणि आजी दोघी दिव्याकडं बघत बसलेल्या. तो स्थिर झालाच नाही. हे नवं मशीन एक्स्चेंजच्या आसपास वाऱ्यासारखं पळतं, पण एक-दीड किलोमीटरवर त्याला धाप लागते. कान्ह्याचं हे घर तारेनं त्याच्या दुपटीहून लांब. वरच्या मजल्यांवरून धावणारं सगळं वाटेतच विरून जातं. एवढ्या लांब पोचतं ते खालच्या मजल्यावरचंच. जुनं परत जोडलं. मी निघालो. सुनंदाबाईंनी दोन बोटं चालवली, थबकवली, परत फिरवली आणि माझ्याकडं प्रश्नार्थक बघितलं. म्हणजे, येशील ना परत?

एक्स्चेंजमध्ये मॅडम माझी वाटच बघत होत्या. त्यांनी एक मॉडेम कॉम्प्युटरला जोडून त्याची आतली सेटिंग उघडली. “हे बघ.” तिथं छोटे चौकोन होते, ए, एल, एम. मी शेकडो मॉडेम लावले असतील. ते चौकोन रोज बघायचो आणि हात लावायचो नाही, कारण कशालाही हात लावायची मला भीती. “हा ‘एम’,” मॅडम म्हणाल्या. “यात येणाऱ्या रस्त्याची एक पट्टी तोडून जाणाऱ्याला देतात. येणं कमी होईल, जाणं वाढेल. आणि ती पट्टी खालच्याच मजल्यावरची आहे, म्हणजे लांबवर टिकेल. आपल्या जुन्या मशीनला हे येतं. घरगुती गिऱ्हाइकाला कुणी देत नाही, एवढंच.”

“मग देऊ या ना, मॅडम.”

त्या पेनशी खेळत बसल्या. “पुण्याला विचारलं मी. एका लाइनवर करून बघा म्हणाले, पण आजूबाजूची तक्रार यायला नको. आणि ती येऊ शकते. सगळ्या जोड्या एकाच केबलमध्ये अंगाला अंग लावून असतात. तिचा मॉडेम ज्या पट्टीत बोलणार, त्याच पट्टीत शेजारचा ऐकतोय. तिचं बोलणं त्याच्या जोडीत पाझरणार. त्याचा वेग थोडा पडेल. त्याला न विचारता मी हे करणार नाही, दिगंबर. तो पण आपलाच गिऱ्हाईक आहे.”

मला तेव्हा मॅडमचा थोडा राग आला होता. घरी जाईपर्यंत तो गेला. माझ्या स्वतःच्या जोडीत कुणी न सांगता पाझरलं असतं, तर?

त्या पेटीवर इंटरनेट असलेलं शेजारी एकच घर, सोपानकाकांचं. चांगली जमीन, दारात ट्रॅक्टर, आणि काकांना एकच नाद: बैलगाड्यांच्या शर्यतीचे व्हिडिओ. त्या वेळी शर्यतींवर बंदीची भानगड चालू होती, त्यामुळं काका जुन्या शर्यती कॉम्प्युटरवर बघायचे, आणि मध्ये अडकलं की आम्हाला फोन करायचे. अशा माणसाला सांगायचं की तुमचा वेग कमी करतो. मी भाऊंना बरोबर नेलं. नेलं म्हणजे त्यांच्या मागं उभा राहिलो.

भाऊंनी आधी भाताची चौकशी केली, मग बैलांची, मग मुद्द्याला आले. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी ती बोलनार आनि माजं बैल आडकनार?”

“थोडंसं, काका,” मी मागून म्हटलं.

“थोडंसं कुनाचं? तुजं का बैलाचं?”

मी भाऊंच्या आणखी मागं सरकलो.

“ती मुकी पोर शिकाया गेली ती ना? सुनंदाची?” काकांनी पानाची चंची काढली. “माज्या कारभारनीची पोलकी शिवती ती. बारा जनींकडं हिंडली, ह्या एकीचं माप चुकत न्हाई.” पान लावून झालं. “आरं, त्या शर्यती मला पाठ हायेत. कुनाचा बैल कुटं ठेचाळतो ते सुदिक ठावं हाय. दिसलं न दिसलं सारकंच. दे तिला काय द्याचं त्ये.” आणि आम्ही उठल्यावर मागून म्हणाले, “पर रविवार सोडून आडकलं तर बबन्या, तुला गाड्याला जुपीन.”

शनिवारी मॅडमनी आतून बदल केला. मी कान्ह्याला त्या चौकोनावर खूण केली आणि मॉडेम बंद करून चालू केला. दिवा लुकलुकला. स्थिर झाला. मीटर लावलं, येणारा आकडा उतरलेला, जाणारा दुप्पट. मी घरी निघालो आणि अर्थातच अर्ध्या वाटेतून परत आलो. दिवा स्थिर होता.

रविवारी जायचं धाडस होत नव्हतं. वहिनींनी ढकललं.

रेणू पडद्यावर आली तीच हिरमुसलेली, हात मांडीखाली घालून. सुनंदाबाईंनी हात उचलले. मी हातांकडं बघत नव्हतो, पडद्यावरच्या रेणूच्या डोळ्यांकडं बघत होतो. ते डोळे आईच्या हातांमागं जायला लागले. उजवीकडं, वर, खाली. थांबेनात. तिनं मांडीखालून एक हात काढला. मग दुसरा. आणि मग जी सुरू झाली. काय बोलत होती मला काय कळणार, पण भांडत होती एवढं कोणालाही कळलं असतं. सुनंदाबाईही भांडायला लागल्या. दोघींचे हात एकमेकींचं मध्येच तोडत होते.

“काय म्हणतेय, आजी?”

“म्हनती, तू का बोलत न्हवतीस येवढं दीस. ही म्हनती, बोलतच व्हती, तूच बगत न्हवतीस.” आजीनं नाक पुसलं. “भांडू दे. लय साठलंय.”

मागच्या पोरींची पाळी टळली तरी रेणू उठेना. शेवटी एक बाई येऊन तिला उठवून घेऊन गेली, आणि जाता जाता ती मागं वळून एका हातानं बोलतच होती.

सोपानकाकांची तक्रार आली नाही. भाऊ निवृत्त झाले, औंढ्याला असतात, अजून माझी वाट अडवून जेवायला नेतात. बोरकर मॅडम बदलून गेल्या. ‘एम’वर घातलेली लाइन आमच्या केबलमध्ये माझ्या माहितीत ती एकच. आता काचेच्या तारेत येणं-जाणं दोन्ही सारखं, कुणाची पट्टी तोडावी लागत नाही आणि शेजाऱ्याला विचारायलाही जावं लागत नाही. सोयीचं आहे. पण मला त्यातलं एक थोडं चुकल्यासारखं वाटतं, कोणतं ते वाचणाऱ्याला कळेल. रेणू पुढं किती शिकली, काय करते, ते मी लिहीत नाही. तिचं तिला चांगलं लिहिता येतं.

मला सांगायचंय ते त्या दिवाळीनंतरचं. कामशेत फाट्यावर मी एका खांबावर होतो. खाली सांगलीकडं जाणारी ट्रॅव्हल्सची बस थांबली, काचा बंद असलेली, एसीची. खिडक्यांपाशी पोचवायला आलेली माणसं उभी. आतला माणूस काहीतरी सांगतोय, बाहेरचा कानाला हात लावून “काय? काय म्हणतोस?” करतोय. एक जण काचेवर ठोकत “पोचल्यावर फोन कर” म्हणून ओरडत होता आणि आतली बाई त्याला मानेनं नाही नाही म्हणत होती. तिला भलतंच काही वाटलं असावं. आणि मधल्या एका खिडकीशी रेणू, शेजारी तिचे वडील, खाली सुनंदाबाई आणि आजी. त्या तिघींचं त्या काचेतून निवांत बोलणं चाललेलं. कुणी कुणाला “काय?” म्हणून विचारत नव्हतं.

मी खाली उतरून त्यांच्यापाशी गेलो. शाळेतून काढून आणायची म्हणत होते ती पोर परत शाळेला चालली होती, आणि डोळे पुसत होती ती आई.

“रडली का नाही जाताना?” मी आजीला विचारलं.

“ती कशाला रडती? हुकूम सोडती बग कशी. म्हनती, रविवारी दोगी बी टायमावर बसा. शिकवनार हाय आमाला.”

“काय शिकवणार?”

बस निघाली. रेणूचे हात काचेत चाललेच होते. आजीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिच्याकडं बघत म्हणाली, “ही आमची नवी बाई सांगंल तवा कळंल.”